आधी कसोटी, मग गाव

जानेवारी २००९ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तत्कालीन औरंगाबाद महसुली विभागाचे विभाजन करून नांदेड येथे नवे विभागीय आयुक्तालय स्थापन करण्याचा निर्णय घेतला. लातूर जिल्ह्यात त्याविरुद्ध आंदोलन उभे राहिले आणि प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळ लोटला आहे. मराठवाड्याचे आठही जिल्हे आजही एकाच महसुली विभागात आहेत. किनवट-माहूरच्या माणसाला काय किंवा निलंगा-देवणीच्या माणसाला काय, आयुक्तांच्या दारापर्यंत पोचण्यासाठी अडीचशे किलोमीटरहून अधिक अंतर तोडणे चुकलेले नाही. निर्णयाचा फायदा कोणाला झाला असता याविषयी मतभेद असू शकतात. निर्णय न झाल्याचा तोटा मात्र दोन्ही जिल्ह्यांनी सारखाच सोसला आहे.

या प्रश्नाचा निकाल कोणत्या शहराच्या बाजूने लागावा हे ठरविणे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नव्हे. दोन शेजारी जिल्ह्यांनी हा वाद कसा केला, हे पाहणे मात्र उद्बोधक आहे. डिसेंबर २००८ मध्ये विलासराव देशमुख यांच्या जागी अशोक चव्हाण मुख्यमंत्री झाले होते. एक लातूरचे, दुसरे नांदेडचे. त्यामुळे प्रशासकीय सोयीचा प्रश्न पाहता पाहता दोन नेत्यांच्या आणि दोन शहरांच्या प्रतिष्ठेचा होऊन बसला. निर्णय कोणी घेतला याची चर्चा पुष्कळ झाली, निर्णय कशासाठी घ्यावयाचा याची फारच थोडी. समाजवादी विचाराचे कार्यकर्ते दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तेही बहुतांशी आपापल्या गावच्या बाजूला उभे राहिले, यात नवल नाही. परंतु जे इतरांना विचार करावयास लावण्याचे व्रत घेतात त्यांनी तरी वाद कसा करावा हे शिकून घेतले आहे काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

वाद म्हटले की भांडण, असा अर्थ बोलीत रूढ झाला आहे. शब्दाचा मूळ अर्थ याहून फार वेगळा आणि फार वरच्या पातळीवरचा आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय आहे हे कळावे म्हणून प्रमाणांच्या आधारे दोन पक्षांनी केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली, जीत होत असेल तर शब्दच्छलही चालवून घेणारी चर्चा तो जल्प. स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचे खोडून काढण्याचा उद्योग ती वितंडा. मराठीत 'वितंडवाद' हा शब्द शिल्लक राहिला आणि 'जल्प' विसरला गेला, ही गोष्ट सूचक म्हणावी लागेल. कारण सभांतून, पत्रकांतून आणि आता दूरचित्रवाणीच्या चर्चांतून जे चालते ते बहुतेक जल्प या सदरात मोडते. महाविद्यालयांच्या वादविवाद स्पर्धांतही ढाल मिळते ती जल्पाला. तेथे वक्त्याने कोणती बाजू घ्यावयाची हे आधीच ठरलेले असते आणि समोरच्याचे म्हणणे पटले असे सांगणाऱ्यास गुण मिळत नाहीत. स्पर्धेमुळे सभाधीटपणा येतो, वाणीला वळण लागते, हे मान्य केले पाहिजे. पण समोरच्याचे ऐकून स्वतःचे मत तपासण्याची सवय तेवढ्याने लागत नाही, आणि सार्वजनिक जीवनात तीच अधिक लागते.

आयुक्तालयाच्या प्रश्नाला वादाची शिस्त लावली तर काय दिसते? नांदेडच्या बाजूने सांगितले जाते की शहर मोठे आहे, तेथे १९९७ पासून महानगरपालिका आहे, रेल्वेचे विभागीय कार्यालय आहे, विद्यापीठ आहे. लातूरच्या बाजूने सांगितले जाते की माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे विभागीय कार्यालय, कृषी खात्याचे विभागीय कार्यालय यांसारखी कार्यालये तेथे पूर्वीच आहेत, म्हणून आयुक्तालयही तेथेच शोभेल. दोन्ही बाजूंची ही विधाने खरी आहेत. तथापि खरे विधान आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहर मोठे असल्याने आयुक्तालय तेथे असावे हे तेव्हाच सिद्ध होते, जेव्हा आयुक्तालय मोठ्या शहरात असणे नागरिकाच्या हिताचे आहे हे आधी मान्य झालेले असते. हा मधला दुवा दोन्ही बाजूंनी गृहीत धरला. तो बोलून दाखवण्याचे कारण कोणाला वाटले नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा की आयुक्तालय कशासाठी असते. महसुली अपिले ऐकणे, जिल्हाधिकाऱ्यांच्या कामावर देखरेख ठेवणे, टंचाईच्या काळात जिल्ह्याजिल्ह्यांत मेळ घालणे ही त्याची मुख्य कामे. मग सामान्य शेतकऱ्याला तेथे जावे लागते ते मुख्यतः जमिनीच्या तंट्यासाठी. ही कसोटी मान्य केली तर मोजावयाचे काय ते आपोआप ठरते. कोणत्या तालुक्यातून किती माणसे कोणत्या कामासाठी वर्षातून किती वेळा जातात, त्यांना किती अंतर पडते आणि किती दिवसांची मजुरी बुडते. किनवटच्या माणसाला लातूरला जावयाचे तर वाटेत नांदेड ओलांडावे लागते. निलंग्याच्या माणसाला नांदेड त्याहून अवघड. परभणी आणि हिंगोली नांदेडला जवळ, धाराशिव लातूरला जवळ. तेव्हा नव्या विभागात कोणते जिल्हे घालावयाचे हे ठरल्याखेरीज मुख्यालय कोठे असावे हा प्रश्नच पुरता मांडला जात नाही. दोन शहरे उत्तरावर भांडत राहिली, परंतु प्रश्न अर्धाच मांडला गेला होता. याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. अपिलाच्या सुनावणीसाठी आयुक्तांनी जिल्ह्याच्या गावी यावे, म्हणजे कोणासच इतके दूर जावे लागू नये, अशी मागणी का होऊ नये? इमारतीवर भांडण सुरू झाले की माणसाची गैरसोय बाजूला पडते.

दुसरी कसोटी सुसंगतीची. स्वतःसाठी जे तत्त्व मान्य केले ते दुसऱ्यासाठीही मान्य केले पाहिजे. लातूर जिल्हा १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा निघाला. प्रशासन लोकांच्या जवळ आले पाहिजे, याच तत्त्वावर. तेव्हा विभागाच्या विभाजनालाच विरोध करणे लातूरला शोभणारे नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी त्याच तत्त्वावर अस्तित्वात आले आणि लातूरची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न झाली. उलट दहावी-बारावीच्या परीक्षांसाठी नांदेडच्या शाळा लातूर मंडळाखाली आहेत. म्हणजे सगळी कार्यालये एकाच शहरात असली पाहिजेत असे दोहोंपैकी कोणीही आजवर आचरणात मानलेले नाही. मग ते आयुक्तालयापुरतेच का मानावे, याचे उत्तर दोन्ही बाजूंना द्यावे लागेल. आपल्या युक्तिवादातले सामान्य तत्त्व शोधून ते स्वतःलाच लावून पाहणे, हा वादविद्येतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठोर धडा आहे.

हे सर्व केवळ पुस्तकी आहे, प्रत्यक्षात असे कोणी करीत नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी मराठवाड्याच्या इतिहासातीलच एक उदाहरण आहे. मराठवाडा १९५६ मध्ये बिनशर्त द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात राहिला. त्यानंतर 'मराठवाड्यावर अन्याय झाला' हे वाक्य दोन दशके सभांतून ऐकू येत होते. ते खरे होते, पण किती खरे होते हे कोणास सांगता येत नसे. गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेच्या कार्यकर्त्यांनी लोकशक्तीबरोबर आकड्यांचाही आधार घेण्याचा आग्रह धरला. पुढे १९८३ मध्ये राज्य शासनाने अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली आणि १९८४ मध्ये तिचा अहवाल आला. समितीने प्रथम कसोटी ठरविली. रस्ते, पाटबंधारे, विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढावयाची, जो जिल्हा त्या सरासरीच्या खाली असेल त्याला सरासरीपर्यंत आणण्यास लागणारा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. 'अन्याय' या भावनेला 'अनुशेष' हे मोजता येणारे रूप मिळाले. त्या दिवसापासून शासनालाही आकड्याला आकड्याने उत्तर देणे भाग पडले.

परंतु या अहवालाचा उपयोग कसा केला गेला हेही पाहिले पाहिजे. समितीने काढलेला एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा होता. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटी, मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा सुमारे १,१८९ कोटी होता. मराठवाड्यातील वक्ता ७५१ हा आकडा सांगतो आणि १,१८९ हा आकडा गाळतो. गाळण्याचे कारण उघड आहे. उर्वरित महाराष्ट्राचा अनुशेष आपल्याहून मोठा निघाला हे सांगणे अडचणीचे वाटते. वास्तविक त्यात अडचण कोणतीच नाही. समितीने जिल्हा हा घटक धरला होता आणि उर्वरित महाराष्ट्रात जिल्हे आणि लोकवस्ती अधिक. कोकणातले आणि अवर्षणग्रस्त पट्ट्यातले जिल्हे तेथेही मागे पडलेले होते. हे स्पष्टीकरण ज्याला देता येते त्याने पूर्ण आकडा निर्भयपणे सांगावा. ज्याला देता येत नाही त्याच्या अर्ध्या आकड्याचा भांडाफोड प्रतिपक्षाचा कोणताही हुशार माणूस एका मिनिटात करील, आणि मग खरा असलेला ७५१ कोटींचा दावाही श्रोत्यांना खोटा वाटू लागेल. आपल्याला गैरसोयीचा पुरावा आपणच प्रथम सांगावा, हा नियम नैतिक तर आहेच, शिवाय व्यवहारदृष्ट्याही शहाणपणाचा आहे.

शिवाय कसोटी हीदेखील वादापलीकडची नसते. राज्याची सरासरी हेच माप का, ती सरासरीच तोकडी असेल तर काय, जिल्ह्याच्या सरासरीत एखादा उजाड तालुका झाकला जात नाही काय, असे आक्षेप दांडेकर समितीच्या पद्धतीवर घेता येतात. २०११ मध्ये नेमलेल्या आणि २०१३ मध्ये अहवाल देणाऱ्या केळकर समितीने तालुक्याकडे आणि पाण्याच्या प्रश्नाकडे लक्ष वळविले, ते अशाच विचारातून. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. ती मंडळे पुन्हा मागताना कार्यकर्त्याला केवळ 'आमचा अनुशेष द्या' एवढे म्हणून चालणार नाही. कोणत्या मापाने, कोणत्या वर्षीच्या किमतीने, कोणत्या घटकासाठी, हे सांगता आले पाहिजे.

कार्यकारणाचा युक्तिवाद याहून अवघड असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्या वेळी दोन विधाने गावोगाव ऐकू आली. एका बाजूने म्हणत, उसाने लातूरचे पाणी पिऊन टाकले. दुसऱ्या बाजूने म्हणत, पाऊसच पडला नाही त्याला ऊस काय करील? न्यायशास्त्रात अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. काय सिद्ध करावयाचे, कशावरून, कोणत्या सर्वमान्य नियमाच्या आधारे, तो नियम येथे लागू पडतो कसा, आणि म्हणून काय निष्पन्न झाले. यांतला चौथा अवयव, म्हणजे उपनय, भाषणांतून हमखास गळतो.

उसाच्या बाबतीत नेमके हेच घडले. राज्यातील एकूण पिकांखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावरील ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास सत्तर टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने नमूद केले होते. हा सबंध राज्याचा नियम झाला. लातूर शहराला पाणी देणाऱ्या मांजरा धरणाच्या लाभक्षेत्रात, त्या दोन-तीन वर्षांत, किती ऊस होता, त्याला पाणी धरणातून मिळाले की विंधन विहिरींतून, धरणातून शहरासाठी राखीव पाणी किती ठेवले होते, शहराच्या नळयोजनेत गळती किती होती, हे सांगितल्याखेरीज राज्याचा नियम लातूरला लागू झाला असे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तितकाच अपुरा आहे. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे मराठवाड्यात अवर्षणाची गेली हे खरे. परंतु अवर्षण हे या प्रदेशाला नवे नाही. जे संकट वारंवार येते ते गृहीत धरून पाण्याचे वाटप झाले होते काय, हा प्रश्न पावसाकडे बोट दाखवून सुटत नाही. अनेक कारणे एकत्र आली तेव्हा लातूर कोरडे पडले, आणि त्यांपैकी माणसाच्या हातातली कोणती होती, हे वेगळे काढणे म्हणजेच राजकारणाला उपयोगी पडेल असा वाद करणे.

येथे आणखी एक दक्षता घ्यावी लागते. कारण शोधणे आणि आरोपी शोधणे यांत गल्लत होऊ देऊ नये. ऊस लावणारा कोरडवाहू भागातला शेतकरी पाण्याचा वैरी नव्हे. उसाला कायद्याने ठरलेला दर मिळतो आणि कारखाना तो खरेदी करतो. तूर आणि सोयाबीन यांना हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने खरेदी होईलच असा भरवसा नसतो. अशा परिस्थितीत त्याने उसाकडे वळणे हा हिशेबी निर्णय आहे. त्याला दोष देणाऱ्या वक्त्याचे ऐकून तो सभेतून उठून जाईल, आणि ते योग्यच होईल. त्याचा हिशेब आधी मान्य करून, तो हिशेब बदलण्यासाठी डाळी आणि तेलबियांच्या खरेदीची व्यवस्था मागणाऱ्या वक्त्याचे मात्र तो बसून ऐकेल.

दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच पातळीवरून समजून घेणे, यालाच शास्त्रकार पूर्वपक्ष म्हणत. पूर्वपक्ष इतका समर्थपणे मांडावयाचा की ऐकणाऱ्या प्रतिपक्षाने 'मला हेच म्हणावयाचे होते' असे कबूल करावे. त्यानंतर उत्तरपक्षाचा अधिकार प्राप्त होतो. या परंपरेचा आधुनिक काळातील एक मोठा अभ्यासक नांदेडमध्येच होऊन गेला. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १९३२ मध्ये कुरुंदा येथे झाला. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते अध्यापक आणि पुढे प्राचार्य होते. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद येथे व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. मनुस्मृतीचे ते कट्टर विरोधक. पण 'मनुस्मृती : काही विचार' या पुस्तकात दिसते ते असे की, तिचा विरोध करण्याआधी त्यांनी ती समर्थकांपेक्षा बारकाईने वाचली होती. समर्थकांचे उत्तमातले उत्तम युक्तिवाद कोणते, हे त्यांना ठाऊक होते. ज्यांना त्यांची मते पटत नसत तेही त्यांच्या व्याख्यानांना गर्दी करीत, याचे रहस्य केवळ वक्तृत्वात नव्हते. आपल्या म्हणण्याची विटंबना येथे होणार नाही, उत्तर मात्र मिळेल, असा विश्वास विरोधकाला वाटणे ही वाद करणाऱ्याची खरी कमाई होय.

मराठवाड्याला वादविद्येची गरज किती आहे हे १९७८ ने दाखवून दिले. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. मराठवाडा हे नाव मुक्तिसंग्रामाशी निगडित असल्याने ते जाऊ नये, असे विरोधकांचे म्हणणे होते. ज्यांनी १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढून या प्रदेशातील उच्च शिक्षणाचा पाया घातला त्यांचे नाव विद्यापीठाला देणे हा समतेचा मान आहे, असे समर्थकांचे म्हणणे होते. एक युक्तिवाद प्रादेशिक अस्मितेचा आणि दुसरा सामाजिक न्यायाचा. एकाने दुसरा पुसलाच पाहिजे असे होते काय, हा प्रश्न शांतपणे विचारला जाण्याआधीच खेड्यापाड्यांतून दलित वस्त्या पेटविण्यात आल्या. नांदेड जिल्ह्यात त्याची धग विशेष होती. टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. अखेर १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि दोन्ही शब्द एका नावात आले. सोळा वर्षे लागली. याचा अर्थ दोन्ही बाजू सारख्याच दोषी होत्या असा मुळीच नाही. घरे जळाली ती एकाच बाजूची, आणि जाळणाऱ्याला युक्तिवाद शिकविला नव्हता ही त्याच्या गुन्ह्याची सबब होऊ शकत नाही. पण ज्यांचा हिंसेला विरोध होता, ज्यांच्या शब्दाला गावात वजन होते, अशा सुशिक्षितांनी दोन्ही म्हणणी एकमेकांसमोर ठेवून तपासण्याचे काम वेळेवर केले असते तर जाळणाऱ्यांना गावाचे मौन लाभले नसते.

आज आरक्षणाच्या प्रश्नावर मराठवाड्यातील गावे पुन्हा दुभंगू पाहत आहेत. येथेही तीन निरनिराळे प्रश्न एकाच गर्जनेत मिसळले गेले आहेत. निजामकालीन नोंदींत कोणाची कुणबी म्हणून नोंद आहे, हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे आणि तो कागद तपासून सुटतो. १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातील पन्नास टक्क्यांची मर्यादा आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी दिलेला निकाल, हा कायद्याचा प्रश्न आहे. मागासलेपण कशाने मोजावे, शेतीच्या दुरवस्थेवर आरक्षण हा उपाय आहे काय, आणि एकाला दिल्याने दुसऱ्याचे किती कमी होते, हा न्यायाचा आणि अर्थकारणाचा प्रश्न आहे. न्यायशास्त्रात वाक्छलाचे उदाहरण म्हणून नवकंबलाचे दिले जाते. एकजण 'नव' म्हणजे नवी घोंगडी म्हणतो, दुसरा 'नव' म्हणजे नऊ असा अर्थ घेऊन त्याला खोटा पाडतो. 'मागास' या शब्दाचे आज तसेच झाले आहे. मराठवाडा मागास आहे म्हणताना रस्ते आणि पाणी अभिप्रेत असते. एखादा समाज मागास आहे म्हणताना संविधानाला सामाजिक आणि शैक्षणिक मागासलेपण अभिप्रेत असते. एका अर्थाचा पुरावा दुसऱ्या अर्थासाठी वापरला की दोघेही प्रामाणिक असून भांडण मिटत नाही. ज्या कार्यकर्त्याला हे तीन प्रश्न आणि हे दोन अर्थ वेगळे करून सांगता येतील तो गावात किमान दोन्ही आळ्यांत जाऊ शकेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता कामा नये. इतकी चिकित्सा करीत बसले तर चळवळ कशी व्हावयाची? मोर्चा काढावयाचा तर घोषणा लागते, आणि घोषणेत 'तथापि' आणि 'परंतु' यांना जागा नसते. आक्षेप खरा आहे. लोकांना एकत्र आणण्याचे काम घोषणाच करते. शिवाय काही गोष्टी मतमोजणीला टाकण्याच्या नसतात. माणसाने माणसाला अस्पृश्य मानावे की नाही, हा दोन समान बाजूंचा प्रश्न नव्हे. परंतु मोर्चानंतर शिष्टमंडळ मंत्र्यांसमोर बसते तेव्हा घोषणा संपलेली असते. तेथे समोरचा सचिव आकडा मागतो, नियम मागतो, पर्याय विचारतो. तयारी नसलेले शिष्टमंडळ आश्वासन घेऊन परत येते. मागण्यांचा पाया आधी घालून ठेवणे हा लढ्याचाच भाग मानला पाहिजे.

दुसरी अडचण शिक्षणाची आहे. लातूरच्या परीक्षातंत्राने गेल्या काही दशकांत महाराष्ट्रभर नाव मिळविले आणि नांदेडही आता त्याच वाटेवर आहे. या तंत्रामुळे अल्पभूधारकांची मुले डॉक्टर आणि अभियंते झाली, हे ऋण कोणी नाकारू नये. पण चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत बरोबर उत्तर आधीच ठरलेले असते आणि ते दुसऱ्या कोणास तरी ठाऊक असते. गावाने कोणते पीक घ्यावे, आयुक्तालय कोठे असावे, अशा प्रश्नांना मागच्या पानावर उत्तर छापलेले नसते. तेथे पर्यायही आपणच शोधावयाचे आणि निवडीची कारणेही आपणच द्यावयाची. या दोन जिल्ह्यांतील हजारो बुद्धिमान तरुण हे दुसरे शिक्षण न घेताच मोठे होत आहेत. ते त्यांना देणारी शाळा आज तरी अभ्यासमंडळाखेरीज दिसत नाही.

अभ्यासमंडळाने त्यासाठी फार मोठा खटाटोप करण्याची गरज नाही. पंधरवड्यातून एकदा दहाबारा जणांनी बसावे आणि एकच प्रश्न घ्यावा. प्रत्येकाने प्रथम आपले विधान एका वाक्यात फळ्यावर लिहावे. त्या विधानात वस्तुस्थिती किती, कारणमीमांसा किती आणि इच्छा किती, हे सर्वांनी मिळून वेगळे करावे. मग कसोटी ठरवावी आणि ती फळ्यावर वर लिहून ठेवावी. बोलणारा तिच्यापासून ढळला की कोणीही बोट दाखवावे. प्रत्येक आकड्यासोबत तो कोठून आला आणि कोणत्या वर्षाचा, हे सांगितल्याशिवाय तो फळ्यावर चढू नये. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रतिपक्षाला मान्य होईल अशा शब्दांत मांडून दाखविल्याखेरीज कोणासही उत्तर देण्याची परवानगी नसावी. शेवटी आपले मत कोणत्या पुराव्याने बदलेल हे प्रत्येकाने सांगावे. ज्याला असा एकही पुरावा सुचत नाही त्याने आपण वाद करीत नसून केवळ पक्ष घेतलेला आहे, हे ओळखावे.

आणि पहिला विषय शोधण्यास दूर जावयास नको. नांदेड आणि लातूरच्या कार्यकर्त्यांनी अहमदपूरसारख्या मधल्या ठिकाणी एक दिवस एकत्र बसावे. नांदेडच्या कार्यकर्त्यांनी लातूरची बाजू मांडावी आणि लातूरच्यांनी नांदेडची. दिवसाच्या अखेरीस निर्णय झाला नाही तरी चालेल. किनवटहून आणि निलंग्याहून वर्षाला किती माणसे अपिलासाठी जातात आणि त्यांचे किती रोज बुडतात, हे शोधून काढण्याचे काम दोन्ही जिल्ह्यांनी वाटून घेतले तरी पुरे. तो आकडा हाती आला की मंत्रालयात दोन शिष्टमंडळे न जाता एकच जाऊ शकेल.